उसनी झोप

माझी गाडी माझ्या पार्किंगमध्ये आणि तिची किल्ली खराडीला माझ्या मुलीच्या कपाटात, अशी परिस्थिती मागच्या उन्हाळ्यात सव्वा महिना होती. का होती, ते सांगणं भाग आहे. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत त्याच्या चार आवृत्त्या फिरताहेत आणि चारही खोट्या आहेत.

खरं एवढंच, की एका दुपारी दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून मी सोसायटीच्या गेटात शिरलो आणि तिथे मला क्षणभर डुलकी लागली. क्षणभरच. गाडी आपली हळूच जाऊन वॉचमनच्या केबिनला टेकली. केबिनमध्ये वॉचमनही झोपलेला होता. आम्ही दोघे एकदमच जागे झालो. त्याच्यावर कुणी काही कारवाई केली नाही. मला मात्र उत्कर्षाने, म्हणजे माझ्या मुलीने, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं, तिथे एक रात्र अंगाला वायरी चिकटवून झोपवलं आणि सकाळी निकाल लागला, की झोपेत तासाला एकेचाळीस वेळा माझा श्वास अडतो.

मी पाटबंधारे खात्यातून अधीक्षक म्हणून रिटायर झालो. बत्तीस वर्षांत मी पुष्कळ काही अडवलं, पण दर वेळी कारण लिहून. हे म्हणजे विनाकारण आणि माझ्या सहीशिवाय अडत होतं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्याच वयाच्या, नाव ऋतुजा. त्यांनी चपलांच्या खोक्याएवढं एक यंत्र दिलं. त्याला नळी, नळीच्या टोकाला मास्क. तो नाकावर बसवून झोपायचं, यंत्र रात्रभर हवा ढकलतं, घसा बंद पडत नाही. "यात एक कार्ड आहे काका," त्या म्हणाल्या. "तुमचा प्रत्येक श्वास त्यात नोंदला जातो. तीस दिवस वापरा आणि कार्ड घेऊन या. श्वास अडणं तासाला पाचच्या आत आलं, की खुशाल गाडी चालवा."

"तोपर्यंत किल्ली माझ्याकडे," उत्कर्षा म्हणाली आणि तिने ती पर्समध्ये टाकली.

आता हे किल्लीचं प्रकरण एरवी मी सोसलंही असतं. पण पाच आठवड्यांनी उमरखेडला माझ्या पुतण्याचं, ज्ञानदेवचं लग्न होतं आणि मी सगळ्या गावाला फोन करून सांगितलं होतं, की पुण्याहून स्वतःची गाडी स्वतः चालवत येतोय. आमच्या खानदानात ते आजवर कुणी केलेलं नाही. आमच्या सोसायटीपुढून जाणारा नगर रोड धरला की गावाच्याच दिशेला तोंड होतं, त्यामुळे मला तर तो सरकारने माझ्यासाठीच बांधलाय असं वाटायचं. त्यात आमच्या सौभाग्यवती कौशल्याबाई सहज बोलून गेल्या, "नाहीच जमलं तर भीमरावभाऊंना सांगू की. ते चालवतील, तुम्ही शेजारी बसा."

म्हणजे माझ्या गाडीतून, माझ्या गावात, माझ्या भावकीसमोर मी डाव्या बाजूने उतरणार.

भीमराव आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. वाघोलीचे मूळचे शेतकरी. आमची बिल्डिंग त्यांच्याच रानात उभी आहे आणि ते दिवसातून एकदा तरी सांगतात, "नागोराव, तुमच्या हॉलमधी हितं आमचा हरभरा असायचा." अंगापिंडाने भरदार, भरघोस मिशा, वयाच्या बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवलेला. झोपेबद्दल त्यांना मोठा अभिमान. "आपलं कसं हाय, टेकलं की लागली. दोन मिन्टं न्हाई लागत. कुठंबी. लग्नात, बँकेत, दातवाल्याच्या खुर्चीत." यावर बाकड्यावरची सगळी म्हातारी मंडळी हळहळून म्हणायची, नशीबवान माणूस.

मी नेमाने मास्क लावू लागलो. पण आठ दिवसांत मला एका विचाराने पछाडलं. माझ्या उभ्या नोकरीत माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कागद साहेबाकडे गेला नव्हता. आणि इथे माझ्याच श्वासांचा कागद मी न बघता वर जाणार? छे! यंत्राच्या पडद्यावर रोज सकाळी किती तास झोपलो तेवढं दिसे आणि खाली एक हसरा चेहरा. शासकीय अनुभव असलेला माणूस हसऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

मी यंत्रवाल्यांच्या शहरातल्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक सडपातळ गृहस्थ होते.

"मला माझ्या यंत्रातली माहिती हवी आहे."

"आपण डॉक्टर?"

"नाही, पेशंट."

"पेशंटला देत नाही."

"बरं, मग नातेवाईक समजा."

"नातेवाइकाला पेशंटचं संमतीपत्र लागतं."

मी तिथेच खिशातून कागद काढला आणि पेशंट या नात्याने मला स्वतःला संमती दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मला वाटलं जिंकलो.

"यावर पेशंटची सही आमच्यासमोर व्हायला हवी."

"तुमच्यासमोरच तर केली."

"तेव्हा आपण नातेवाईक होतात," ते म्हणाले आणि त्यांनी जेवणाचा डबा उघडला.

मी इतकी वर्षं खुर्चीच्या त्या बाजूला बसलेलो माणूस. खरं सांगतो, राग आला, पण त्याहून जास्त कौतुक वाटलं. असे लोक आता राहिले नाहीत. तरी घरी येऊन मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलाच. खाजगी कंपनीला तो लागू नाही, असं कळवायलाही त्यांनी उत्तर पाठवलं नाही.

मग बुधवार पेठ. जावईबापूंनी, दिग्विजयरावांनी, फोनवर सांगितलं होतं की कार्ड लॅपटॉपला लावायला रीडर आणा, बाकी मी बघतो. दुकानदाराने विचारलं, "कार्ड कशाचंय? कॅमेऱ्याचं?" म्हटलं, "श्वासाचं." त्याने माझ्याकडे, मग कार्डाकडे पाहिलं. "श्वासाचा वेगळा येत नाही. कॅमेऱ्याचाच लावा."

रविवारी दिग्विजयराव लॅपटॉप घेऊन आले. इंटरनेटवरून त्यांनी कसलासा फुकट प्रोग्रॅम उतरवला आणि पडद्यावर माझी आख्खी रात्र उलगडली. हिरव्या लाटा, निळ्या लाटा आणि मधूनमधून उभ्या लाल रेघा. "बाबा, ही ग्रीन लाइन म्हणजे तुमचा फ्लो. आणि प्रत्येक रेड लाइन म्हणजे एक इव्हेंट, ब्रीदिंग थांबलं. तुमचं ॲव्हरेज येतंय एट पॉइंट टू. बेसिकली इट्स गुड, पण पाचच्या आत पाहिजे."

आठ पूर्णांक दोन! मी रंगीत प्रिंट काढली आणि संध्याकाळी खाली बाकड्यावर नेली. ही माझी पहिली चूक. एकाने आकडा वाचून हातात हात घेतला, "दहापैकी आठ म्हणजे उत्तमच की!" भीमरावांनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. "एवढ्या लाल रेघा? सातबाऱ्यावर बोजा चढल्यागत दिसतंय." नाकात तूप सोडा, उशी काढा, पाय पूर्वेला करा, असे सल्ले झाले. मी तीन रात्री तिन्ही केले. तुपाने मास्क घसरला आणि आकडा नऊवर गेला.

शेवटी उत्तरेश्वर सर बोलले. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. ते सहसा बोलत नाहीत, बोलले तर फळा आहे असं समजून हवेत बोट फिरवतात. "नागोराव, हा प्रश्न श्वासाचा नाहीच, सरासरीचा आहे. वर घटना, खाली तास. घटना कमी होत नसतील तर तास वाढवा. जागेपणी माणसाचा श्वास अडतो का? नाही. मग जागेपणी मास्क लावून बसा. भाजक वाढला की सरासरी झक मारत खाली येते."

मला भरून आलं. तपासणीच्या आधी रजिस्टर पूर्ण करायचं, हे तर माझं आयुष्यभराचं काम. त्यात फसवणूक नसते, त्याला अद्ययावत करणं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा ते एक मी मास्क लावून आरामखुर्चीत पेपर वाचत बसू लागलो. अडचण एकच. तोंड उघडलं की नाकातून ढकललेली हवा तोंडातून फस्सकन बाहेर येते, त्यामुळे बोलता येत नाही. आमच्या धुणंभांडीवाल्या मुक्ताबाई फरशी पुसायला आल्या. त्यांनी मला भरदिवसा तोंडावर नळी लावलेला पाहिला आणि त्या दारातच थबकल्या. मी हाताने खुणा केल्या, की काही नाही, पुसून घ्या. त्यांनी त्या खुणांचा काय अर्थ लावला कोण जाणे. त्या हात जोडून उलट्या पावली गेल्या. अर्ध्या तासात चौथ्या मजल्यावरचे लोक शहाळी घेऊन आले. कुणी थेट मंडईतून मोसंबी आणली. मी खुणा करतोय आणि एक बाई डोळ्यांना पदर लावून म्हणताहेत, "काहीतरी सांगायचं राहिलंय हो त्यांचं." मास्क काढून ओरडावं, तर भाजकातली वीस मिनिटं जाणार. मी नाही काढला. शेवटी कौशल्याने सगळ्यांना चहा करून पाजला आणि वाटेला लावलं. नंतर ती माझ्याशी दोन दिवस मोजकंच बोलली.

पण सर थोरच. तेविसाव्या दिवशी दिग्विजयरावांनी आकडा सांगितला, पाच पूर्णांक सहा. नुसते सहा दशांश जड झाले होते! आणि त्याच दिवशी ते कंपनीच्या कामाला लॅपटॉपसकट हैदराबादला गेले. आता मधला आकडा कळायची सोय नाही.

ही चिंता मी भीमरावांना सांगितली. ही माझी दुसरी चूक. त्यांनी मांडीवर थाप मारली. "अवो मग माजी झोप घ्या की! माजी झोप म्हंजी एक नंबर. दुपारचं दोन तास माज्या नाकाला लावा ते. तुमच्या जागेपणापरीस माजी झोप भारी पडंल. साखर उसनी देतो, मग झोप द्याया काय झालं?"

आता वाचणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटेल. पण आमच्या मजल्यावर ब्लडप्रेशरचं यंत्र एकच आहे आणि ते सहा घरं फिरतं. वाचायचे चष्मे फिरतात. उत्तरेश्वर सरांच्या गुडघ्याचा पट्टा मी स्वतः पंधरा दिवस वापरलाय. शेजाऱ्याची चांगली झोप आपल्या खाती धरली तर बिघडलं कुठे? मला तर त्या माणसाच्या मोठेपणाने गहिवरून आलं. मास्क मी दर वेळी उकळत्या पाण्यातून काढायचा, एवढी अट मी घातली.

कौशल्या रोज दुपारी नातीला शाळेच्या बसवरून घ्यायला खराडीला जाते. ती गेली, की भीमराव दबकत यायचे, आमच्या पलंगावर आडवे व्हायचे, मास्क मिशांवर कसाबसा बसवायचे आणि खरंच, दोन मिनिटांत लागायची. असे पाच दिवस झाले. मी बाहेर हॉलमध्ये बसून तो घरघराट ऐकायचो. मधूनच तो थांबायचा, अगदी चिडीचूप व्हायचा. मला वाटायचं, वा! काय गाढ लागली आहे. तेवढ्यात मोठा आचका देऊन पुन्हा सुरू.

तिसाव्या दिवशी मी आणि कौशल्या डॉक्टरांकडे निघालो. अर्थातच भीमरावांच्या गाडीतून, भीमराव चालवताहेत. उत्कर्षा ऑफिसातून परस्पर आली. भीमरावही आत आले. त्यांच्या दृष्टीने तो त्यांचाही निकाल होता. न बघितलेला कागद आयुष्यात पहिल्यांदा वर गेला.

डॉक्टर ऋतुजांनी कार्ड लावलं आणि त्या पडद्यावर एकेक दिवस सरकवत बघू लागल्या.

"काका, सकाळी अकरा ते एक तुम्ही काय करता? श्वास अगदी आदर्श आहे. इतका चांगला तर मेडिटेशनवाल्यांचाही नसतो."

"पेपर वाचतो," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"मास्क लावून?"

उत्कर्षाने कपाळाला हात लावला. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या पुढे सरकल्या. "ते राहू दे. मला काळजी दुपारची वाटतेय. गेले पाच दिवस दुपारी, यंत्र लावूनसुद्धा, तासाला अडतीस वेळा श्वास अडलाय. एकदा तर सत्तावन्न सेकंद. हे फार गंभीर आहे. असा माणूस स्टिअरिंगवर बसला तर डोळा कधी लागेल सांगता येत नाही. सॉरी काका. गाडीचं विसरा."

"बघा," भीमराव सहानुभूतीने म्हणाले. "वय झालं की असं हुतंच. नागोराव, काळजी करू नका, उमरखेडला मी न्हेतो तुम्हास्नी. दुपारचं निगू, पहाटं गार वाऱ्याला पोचू."

मी खोटं सांगणार नाही. मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. ज्याने मला झोप उसनी दिली, त्याचं बिंग मी कसं फोडू? आणि सगळी फजिती चव्हाट्यावर आली तर सोसायटीत पाचवी आवृत्ती निघेल, ती मात्र खरी असेल. पण डोळ्यांसमोर नगर रोड आला. दुपारचे दोन, समोरून उसाचे ट्रक, भीमराव स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर कौशल्या.

"डॉक्टर," मी म्हणालो, "दुपारचा मी नाही. दुपारचे हे आहेत."

आणि सगळं सांगितलं. भाजक, सरासरी, साखर, सगळं. सगळ्यात आधी कौशल्या बोलली.

"म्हणजे दुपारी माझ्या पलंगावर भीमरावभाऊ झोपत होते? तरी म्हटलं, चादरीला तंबाखूचा वास येतो कसा!"

डॉक्टरांनी एव्हाना माझ्या नुसत्या रात्री वेगळ्या काढल्या होत्या. शेवटचे दोन आठवडे तीन पूर्णांक आठ. म्हणजे मी पेपर वाचला नसता, कुणाची झोप घेतली नसती, तरी पास होतो. मास्कची सवय झाली, बस्स, एवढंच कारण होतं. इतक्या मेहनतीने रजिस्टर पूर्ण केलं आणि मुळात ते पूर्णच होतं! उत्कर्षाने पर्समधून किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. या क्षणाची मी महिनाभर वाट पाहिली होती. पण माझं लक्ष भीमरावांकडे होतं.

"मॅडम, चुकतंय कायतरी," ते म्हणत होते. "मला तर टेकलं की लागती."

"तीच तक्रार आहे काका. रात्रभर तुमची झोप होतच नाही, म्हणून दिवसा कुठेही लागते. घरी कधी कुणी म्हणालं नाही? झोपेत श्वास थांबतो म्हणून?"

भीमरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आमची मथुरा म्हनायची. घाबरून हलवायची मला. मी खेकसायचो तिच्यावर, झोपू दे म्हनून. ती जाऊन चार वर्सं झाली. तवापासून कुनी काय म्हनलं न्हाई. मला वाटलं बरा झालो."

मग त्यांनी खिशातून आपली किल्ली काढली, टेबलावर माझ्या किल्लीशेजारी ठेवली, आणि दोन बोटांनी हळूच माझ्याकडे सरकवली.

उत्कर्षा ऑफिसला गेली. भीमरावांना पुढच्या सोमवारी वायरी लावून झोपायचं बोलावणं मिळालं. परतताना त्यांची गाडी मी चालवत होतो, ते डाव्या बाजूला, कौशल्या मागे. सव्वा महिन्याने हातात स्टिअरिंग आलं होतं. मला आनंदाने शीळ घालावीशी वाटायला हवी होती. वाटली नाही. भीमराव खिडकीबाहेर बघत होते आणि विमाननगर यायच्या आत त्यांची मान छातीवर कलंडली. घरघर सुरू झाली.

खराडीच्या अलीकडे घरघर थांबली.

महिनाभर मी ह्याच गोष्टीची प्रिंट काढून लोकांना दाखवत होतो, पण ती शेजारच्या सीटवर होताना कधी बघितली नव्हती. छाती हलतेय, हवा जात नाहीये. चेहरा काळवंडत चाललेला. मी घाबरून एक हात सोडला, त्यांना हलवायला.

"थांबा," मागून कौशल्या शांतपणे म्हणाली. "आत्ता अठरा झाले. तिसाच्या आत बहुतेक येतो परत. तीस झाले की दंड धरून हलवायचं, एकदम ओरडायचं नाही, दचकतं माणूस."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कोण येतंय? उमरखेडला होतो तेव्हापासून मोजतेय मी तुमचे. सात वर्षं झाली."

"तू तर म्हणायचीस, पित्तामुळे रात्री झोप लागत नाही."

"मग काय म्हणू? तुम्ही ऐकलं असतं?"

मी आरशात पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर भीमरावांच्या खांद्यांवर होती आणि ओठ हलत होते. मला समोरचा रस्ता नीट दिसेना. मी वेग कमी केला.

सव्विसाला भीमरावांनी मोठा आचका दिला. त्यांनी डोळे उघडले, ओशाळून इकडेतिकडे पाहिलं आणि पट्टा सारखा केला.

"मी झोपलो नव्हतो हां," ते म्हणाले.

"झोपा भाऊ," कौशल्या म्हणाली. "मी मोजतेय."